रकाना रिकामा ठेवू नये

"बाई, ह्यो निरंक कोन वो?"

सुमन तुपारे वर्गाच्या दारात उभी राहून मला विचारत होती. मी फळ्यावर भागाकार लिहीत होते. तिच्या डोक्याला काजूच्या कारखान्यातलं फडकं तसंच बांधलेलं होतं आणि हातात मोबाईल होता. ही बाई कामाच्या वेळेत कारखान्याबाहेर पाऊल टाकणारी नव्हे, म्हणून मी खडू खाली ठेवला.

"कोण निरंक?"

"तेच तर मी इचारतोय."

तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. निवासी विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेची निवड यादी होती. चार दिवस मी ज्या यादीसाठी जीव टांगणीला लावून बसले होते, ती माझ्याआधी काजूच्या कारखान्यात पोचली होती. चौदाव्या नंबरला नाव होतं : तुपारे ऋतुजा निरंक.

"ऋतुजा लागली!" मी ओरडलेच. पाचवीच्या रांगेतली ऋतुजा ताडकन उभी राहिली आणि उभं राहून करायचं काय हे न सुचल्यानं परत बसली. आमच्या दोनशिक्षकी शाळेतून याआधी कुणीच लागलं नव्हतं. सगळ्या जिल्ह्यातून चाळीस मुली घ्यायच्या, बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. गावात सातवीनंतर मुली काजू फोडायला बसत.

"लागली ते बगितलं मी," सुमन म्हणाली. "फुडचं वाचा की."

फुडचं मी वाचलं होतंच. पण वाचलेलं कबूल करायला वेळ लागतो.

सुमनचं लग्न झालं नव्हतं. मुलीचा बाप कोण, हे तिनं दहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आईबापाला नाही, गावातल्या पुढाऱ्यांना नाही, बाळंतपणात खोदून खोदून विचारणाऱ्या नर्सला नाही. शाळेत नाव घालायला आली तेव्हा माझ्या आधीच्या गुरुजींनी बापाचं नाव विचारलं, तर म्हणाली, "माजं लिवा." गुरुजींनी पटावर 'ऋतुजा सुमन तुपारे' असं लिहिलं. जन्मदाखल्यावर तेच, आधार कार्डावर तेच. कुणाचं काही अडलं नव्हतं.

"सगळ्या बाया भवतीनं जमल्या बगा," सुमन सांगत होती. "म्हनत्यात, 'सुमे, निगालं की गं शेवटाला नाव! कुटला म्हनायचा ह्यो? बेळगावकडचा हाय काय?' सुपरवायजर म्हनतोय, निरंकला पेडं घिऊन लावून दे. मी आयुष्यात ह्ये नाव ऐकल्यालं न्हाई बाई."

हे ऐकून मला हसू आलं. लपवून ठेवण्यात अर्थ नाही, आलं. कारण निरंक हे कुणाचं नावच नाही. आमच्या सरकारी मराठीत शून्याला निरंक म्हणतात. शाळाबाह्य मुलं किती? निरंक. सर्पदंश? निरंक. नादुरुस्त संगणक? निरंक. आमच्याकडं संगणकच नव्हता, तर नादुरुस्त कुठून असणार! महिन्याला शंभर-दीडशे वेळा तरी हा शब्द मी लिहीत असेन.

त्या वर्षी सगळ्या शाळांची सगळी माहिती एका नव्या पोर्टलवर भरायची टूम निघाली होती. मुलांची उंची, वजन, घराला कौलं की पत्रा, शाळेपासून नदी किती लांब. शिकवायचं कधी, एवढंच तेवढं कुणी विचारलं नव्हतं. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची. मी चौथी-पाचवीला शुद्धलेखन घालून टाकीपाशी जाऊन उभी राहायची आणि परत येईतो वर्गाचा बाजार झालेला असायचा. तालुक्याच्या ग्रुपवर रोज दुपारी मेसेज : 'आज पाचपर्यंत शंभर टक्के काम पूर्ण करावे. एकही रकाना रिकामा ठेवू नये. माहिती नसल्यास निरंक लिहावे.' खाली सगळ्यांचे निमूट अंगठे. 'वडिलांचे नाव' हा रकाना लाल होता. लाल रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. प्रवेश परीक्षेसाठी मुलांची नावं याच पोर्टलवरून उचलली होती.

"मशीनची चूक आहे," मी सुमनला म्हणाले.

"मशीनला काय ठावं, बाप हाय का न्हाई?"

"अहो, होतं असं. दुरुस्त करून घेऊ."

यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : कागदपत्र पडताळणी शुक्रवारी. सर्व कागदपत्रांवरील नाव तंतोतंत जुळणे आवश्यक, अन्यथा निवड रद्द समजण्यात येईल. त्या दिवशी मंगळवार होता.

बुधवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही तिघी तालुक्याला निघालो. ऋतुजा खिडकीशी, मध्ये मी, कडेला सुमन. ऋतुजा ही बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी पोर होती. घाट उतरल्यावर तिनं विचारलं, "बाई, निरंक म्हंजे काय?"

"काही नाही," मी म्हणाले.

"सांगा की."

"अगं, तेच सांगतेय. निरंक म्हणजे 'काही नाही'. माहिती नसली की तसं लिहितात."

ऋतुजानं मान हलवली आणि बाहेर बघायला लागली. सुमननंही ऐकलं होतं. तिनं पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. मग म्हणाली, "म्हंजे मानूस न्हवं त्ये."

"नाही."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. पण चेहऱ्यावर बरं झाल्यासारखं काही दिसलं नाही.

तालुक्याच्या कचेरीत पोर्टलचं काम अवधूत नावाचा ऑपरेटर बघायचा. तिशीतला, हुशार, आणि अख्ख्या तालुक्याचे गुरुजी त्याच्यापुढं हात जोडून उभे राहत असल्यामुळं जरा शेफारलेला. आमच्यापुढं सात शाळा होत्या. दोन वाजता नंबर लागला.

"सोपं हाय मॅडम," तो म्हणाला. "पालकाचा अंगठा घ्यायचा, नाव बदलायचं, झालं. ताई, ठेवा अंगठा."

सुमननं अंगठा ठेवला. मशीन टूं करून वाजलं. जुळणी नाही. पुसून ठेवला. जुळणी नाही. डावा ठेवला. मग एकेक करत दहाही बोटं ठेवली. अवधूतनं तिचा हात उलटा करून पाहिला आणि पहिल्यांदाच जरा गंभीर झाला.

"ताई, तुमच्या बोटांवर रेषाच न्हाईत."

काजूच्या टरफलात काळं तेल असतं, ते कातडं खातं. सुमननं चौदा वर्षं काजू फोडले होते. तिच्या बोटांची टोकं काळी, गुळगुळीत झाली होती, जागोजागी साल निघालेली.

"हायत की रेषा. ह्या काय?" तिनं तळहात पुढं केला.

"त्या नशिबाच्या. मशीनला बोटाच्या लागत्यात."

"साबनानं धुऊन येऊ?"

"या. पण काय उपेग हुईल असं वाटत न्हाई." तो खुर्चीत मागं रेलला. "दुसरा उपाय हाय. वडलांचा अंगठा चालतोय. निरंकरावांना घिऊन या मग."

त्याला तो विनोद वाटला होता. मागच्या बाकावरचे दोन गुरुजी हसलेही. सुमननं हात पदराखाली घेतला. ऋतुजा अवधूतच्या डोळ्यांत बघत राहिली, तो स्क्रीनकडं वळेपर्यंत.

"तोंड सांभाळून बोला," मी म्हणाले. माझा आवाज नको तेवढा चढला होता. "एक तर तुमचं पोर्टल बेअक्कल, त्यात तुम्ही वर चेष्टा करताय? आईच्या नावाची मुलं नसतात का? लाल रकाना करताना हा विचार कुणी करायचा? आम्ही पोरांना शिकवायचं की तुमच्या मशीनला जेवायला घालायचं?"

मला भरभरून बोलता आलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. सहा महिने साठलेलं होतं सगळं. सुमन ऋतुजाला घेऊन नळावर हात धुवायला गेली.

त्या दोघी बाहेर पडल्यावर अवधूत हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, रागावू नका. पोर्टलनं निरंक लिवलेलं न्हाई. कुणी, कवा भरलं ते हितं सगळं दिसतंय."

त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवला. मुख्याध्यापक लॉगिन. चौदा सप्टेंबर. चार वाजून बावन्न मिनिटं.

मुख्याध्यापक मीच होते. ती संध्याकाळ मला आठवली. पाचची मुदत, टाकीपाशी मी, मोबाईल शेवटच्या घटका मोजत होता, आणि अजून बारा मुलं भरायची होती. ऋतुजाचं पान उघडलं, लाल रकाना आला, माझ्या बोटांनी निरंक लिहिलं. तिच्या आईला मी ओळखत होते, मुलीला तर रोज शिकवत होते, आणि तरी मी क्षणभरही थांबले नव्हते. सर्पदंशापुढं लिहितात तसं मी ते लिहिलं होतं.

"एक मार्ग हाय," अवधूत म्हणाला. "शाळेच्या लेटरहेडवर लिवून द्या, की ही नोंद माझ्या हातनं चुकली, खरं नाव हे. मुख्याध्यापकानं चूक कबूल केली की पडताळणीवाले जागेवर दुरुस्त करून घेत्यात. गेल्या साली दोन केसा झाल्यात तशा."

"आणि त्या मुख्याध्यापकांचं काय झालं?"

त्यानं स्क्रीन परत आपल्याकडं फिरवला. मला माहीत होतं काय झालं ते. एकाला कारणे दाखवा नोटीस निघाली होती आणि बदलीच्या यादीतून त्याचं नाव गेलं होतं. माझी बदली त्या मे महिन्यात व्हायची होती. चार वर्षं मी त्या डोंगरात होते. माझी दुसरीतली मुलगी इचलकरंजीला सासूबाईंकडं वाढत होती आणि फोनवर मला "तू कधी जाणार?" असं विचारायची. 'येणार' म्हणायच्या जागी ती 'जाणार' म्हणायची. मी तिला बघायला जायची आणि परत निघायची, तेवढंच तिला माहीत होतं.

"मी देते लिहून," मी म्हणाले.

सुमन परत आली. हात चोळून चोळून लाल झाले होते. मशीननं पुन्हा दहादा नाही म्हटलं.

गुरुवारी मी लेटरहेड काढलं. सकाळी एक मसुदा केला, तो फाडला. दुपारी दुसरा केला. शेवटी जे लिहिलं ते असं होतं : 'तांत्रिक कारणामुळे सदर विद्यार्थिनीच्या नावात तफावत आढळून येत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' सही, शिक्का. आमच्या कागदांत चुकणारं माणूस कधी नसतंच, तफावत आपली आपण आढळून येते. सुमनला मी म्हणाले, "पत्र लिहिलंय. होईल काम."

शुक्रवारी निवासी विद्यालयाच्या सभागृहात पडताळणी होती. बाहेर बापांची गर्दी, आत टेबलं. ऋतुजानं दोन वेण्या घट्ट घातल्या होत्या. आमच्या टेबलावर पन्नाशीचे एक अधिकारी होते, घरत साहेब. कुणावर खेकसत नव्हते, कागद नीट वाचत होते. असा माणूस समोर असला की जास्त भीती वाटते.

"ऋतुजा निरंक तुपारे," त्यांनी वाचलं. "वडील आलेत?"

"मी आई हाय," सुमन म्हणाली.

त्यांनी जन्मदाखला पाहिला, आधार पाहिलं, मग माझं पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"मॅडम, तांत्रिक कारण म्हणजे काय?"

"सर, पोर्टलवर वडिलांचं नाव सक्तीचं आहे, रेंज नसते, त्यामुळं..."

"ते मान्य. पण मशीन आपण होऊन निरंक लिहीत नाही. ते सरळ आहे, कुणीतरी लिहिलंय. शाळेची चूक असेल तर तसं लिहून द्या, मी आत्ता दुरुस्त करतो. चूक कुणाची ते लिहिल्याशिवाय मला नाव बदलता येत नाही. आणि नाव जुळल्याशिवाय प्रवेश देता येत नाही. मागं वेटिंग लिस्ट आहे." त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला. "कुणी लिहिलं हे?"

कागद माझ्यापुढं होता, पेन माझ्या हातात होतं. एक ओळ लिहायची होती. माझ्या डोक्यात मात्र नोटीस होती, मे महिना होता, इचलकरंजी होती. मी कागदाकडं बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पलीकडच्या टेबलावर एका मुलीचं काम पूर्ण झालं, तिच्या बापानं तिला उचलून घेतलं, एवढं आठवतं.

"म्या सांगितलं," सुमन म्हणाली.

घरत साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. "काय सांगितलंत?"

"बाईंनी नाव इचारलं, तवा म्या सांगितलं, निरंक लिवा. बाप न्हाई, मग काय लिवनार? कायबी न्हाई असं लिवा म्हटलं."

"तुम्ही स्वतः सांगितलंत?"

"व्हय."

"मॅडम, बरोबर?"

मी मान हलवली. हलवली की हलली, असं म्हणून आता सुटका नाही. हलवली.

"मग ही चूकच नाही," साहेब जरा हलके होऊन म्हणाले. "पालकानं सांगितलेलं नाव आहे. पण ताई, मग हेच नाव पुढं चालणार. दोन्ही नावांची मुलगी एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून द्या, आणि बाकीच्या कागदांवरचं बदलून घ्या. तुमचं नाव तिच्या नावात येणार नाही. चालेल?"

"जागा ऱ्हातीया न्हवं तिची?"

"राहते."

"मग चालतंय."

अंगठा शाईचा होता, कागदावरचा. तो मात्र कुणी नाकारला नाही. कागदावर काळा गोळा उमटला आणि काम झालं. ऋतुजा आईशेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं या वेळी कुणाच्याच डोळ्यांत बघितलं नाही.

या गोष्टीला तेरा वर्षं होऊन गेली. त्या मे महिन्यात माझी बदली झाली. ऋतुजा दहावीला विद्यालयात दुसरी आली, पुढं इंजिनिअर झाली, आता पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिच्या कंपनीचा एक माणूस माझ्या आताच्या शाळेत फळ्याएवढा स्क्रीन बसवायला आला होता. बोलता बोलता तिचं नाव निघालं. "निरंक मॅडम होय! वडिलांचं नाव काय वेगळंच आहे ना त्यांच्या?" तो म्हणाला. "जुनं नाव असणार." मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी काम उरकून आम्ही स्टँडवर आलो. ऋतुजा पाणी भरून आणायला गेली. सुमन आणि मी बाकावर बसलो होतो. माझ्यानं राहवलं नाही.

"सुमनताई, तुम्ही खोटं का सांगितलं? मी तुम्हाला नाव कधी विचारलंच नव्हतं."

"न्हाई इचारलं," ती म्हणाली. "इचारलं असतं तर माजं लिवा म्हटलं असतं."

"मग?"

तिनं बोटांवरची शाई पदराला पुसायचा प्रयत्न केला. ती निघत नव्हती.

"सायबानं इचारलं, तवा तुमी गप बसलासा. मला बापाचं नाव इचारत्यात तवा मीबी अशीच गप बसतो. दहा वर्सं झाली. गप बसल्यालं मानूस मला लांबनं वळखू येतंय बाई." तिनं पदर सोडून दिला. "खरं, मी कुनाची तरी अब्रू झाकायला गप बसलो. तुमी कुनाची झाकलासा?"